एकसष्ट की चौसष्ट

१

नोटिसा चिकटवणारी माणसं सकाळी साडेनऊला आली आणि दहाला गेली. साडेदहाच्या आत भगवंतरावांच्या दारावरच्या नावाच्या पाटीला कुणीतरी डांबर फासलं होतं.

सुलभा तारनाक्याहून ऑटोने नल्लकुंट्याला पोचली तेव्हा तिची थोरली बहीण कुसुमताई खोबरेल तेलाच्या बोळ्याने ती पाटी पुसत होती. 'भगवंत' दिसायला लागलं होतं, 'राव' अजून काळंच होतं.

"कोणी केलं हे?"

"आपल्यातल्यांनीच. चाळीस वर्षं ज्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले, त्यांनी," कुसुमताई न वळता म्हणाल्या. "तुझे भावजी विकले गेले म्हणतात. बिल्डरने विकत घेतलं म्हणे त्यांना."

शांतीबाग कॉलनी म्हणजे बंद पडलेल्या सूतगिरणीच्या कामगारांच्या चार इमारती, शहाण्णव घरं. नांदेड-परभणीकडची शेतीवाडीची माणसं जुन्या संस्थानाच्या ह्या राजधानीत, हैदराबादेत, कामाला आली, ती इथेच रुजली. आता त्यांची मुलं दुकानं चालवतात, बँकांत जातात. घरं मात्र तीच. छताचा गिलावा अधूनमधून ताटात पडतो. जमीन एका महामंडळाकडे गेली आहे आणि त्या महामंडळाला इमारती पाडण्याची घाई आहे.

नोटीस इंग्रजीत होती. रहिवाशांनी स्वतः दिलेल्या लेखी संमतीला अनुसरून नव्वद दिवसांत घरं रिकामी करावीत, एवढाच मजकूर. सोबत त्या संमतीची प्रत.

भगवंतराव आत खाटेवर बसले होते. कॉलनीच्या संघाचे ते अकरा वर्षं अध्यक्ष. दोन्ही गुडघे गेलेले, पण आवाज दणदणीत. आज तो आवाज कुठेतरी हरवला होता.

"सुलभाबाई, मी सही केली ती ह्याच्यावर नाही," ते म्हणाले. "डिसेंबरात त्या तारनाक्याच्या संस्थेचे हर्षवर्धनसाहेब आले. केंद्राची योजना आहे म्हणाले. संशोधन करणारी संस्था आणि राहणारी माणसं यांनी भागीदारीत अर्ज करायचा, सरकार पैसे देणार, मग ते भिंती-छतं यंत्रांनी तपासून सांगणार की न पाडता दुरुस्ती कशी करायची. मी म्हणलं, आमचं पत्र मराठीत पायजे. लोक ज्याच्यावर सही करतात ते त्यांना वाचता यायला नको का? साहेब म्हणाले चालेल, इंग्रजी भाषांतर आम्ही जोडू."

सुलभा खुर्ची ओढून कागद घेऊन बसली. रेल्वेत तीस वर्षं तिने चौकशी विभागात काढली होती. रूळ का तुटला, सिग्नल का लागला नाही, कुणी काय लपवलं, हेच शोधायचं काम. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी कागद हातात आला की तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा.

मराठी पत्रात लिहिलं होतं: 'तपासणीच्या चार दिवसांत आम्ही आपापल्या खोल्या मोकळ्या करून देऊ.' इंग्रजी भाषांतरात चार दिवस कुठेच नव्हते. तिथे होतं की प्रकल्पासाठी सर्व कुटुंबं आपली घरं सोडतील. खाली संस्थेचा शिक्का, भाषांतर अचूक असल्याचा.

"म्हणजे भाषांतरात चूक झाली?" कुसुमताईंनी दारातून विचारलं.

 सुलभा मागच्या पानांवरच्या सह्या मोजत होती. एकदा मोजल्या, मग बोट ठेवून पुन्हा मोजल्या. मराठी पत्रात 'एकसष्ट कुटुंबे' होतं आणि सह्याही एकसष्टच होत्या.

इंग्रजी पानावर मात्र चौसष्ट लिहिलं होतं.

"चूक करणारा माणूस शब्द चुकवील, ताई," ती हळूच म्हणाली. "आकडा कसा वाढवील?"

२

"चौसष्ट बरोबर आहे ना पण," कुसुमताई म्हणाल्या, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "नंतर तिघांनी केल्या की."

सुलभाने कागद खाली ठेवला. "नंतर म्हणजे कधी?"

मग एकेक निघालं. सह्या दोन जानेवारीला झाल्या. पाच तारखेला हर्षवर्धनांचा भगवंतरावांना फोन आला, अजून तीन कुटुंबं मिळतात का बघा. तीन घरं गावाकडच्या लग्नाहून परतली होती. त्यांनी वेगळ्या कागदावर सह्या दिल्या. भगवंतरावांचे गुडघे दुखत होते म्हणून सहा तारखेला कुसुमताईच बसने तारनाक्याला गेल्या.

"ते तिघं जरा संशयी होते," त्या म्हणाल्या. "त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी कागदावर वर एक ओळ लिहिली आणि नेऊन साहेबांच्या हातात दिला. शेंगदाण्याची पोळी पण दिली चार. म्हणाले, थँक्यू माताजी."

"त्यांच्याच हातात? शिपायाच्या नाही?"

"त्यांच्याच. मी काय इतकी येडी आहे का?"

नोटिशीसोबत आलेल्या कागदांत त्याचा पत्ता नव्हता.

तोवर दाराशी निखिल आला होता. कॉलनीत वाढलेला, बोलणं पक्कं हैदराबादी, आता दिलसुखनगरला तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारा सॉफ्टवेअरवाला. अर्जाची ऑनलाइन भानगड त्यानेच सांभाळली होती. आईवडिलांनी कॉलनी सोडून आपल्याकडे यावं म्हणून तो दोन वर्षं त्यांच्याशी भांडत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे आज जिन्यात त्याच्याकडेही लोक तिरकं बघत होते.

"मावशी, मला पण बोलले खाली," तो म्हणाला. "बोलले, तूने ही किया, तुझे तो बिल्डिंग गिराना है."

"तुला पाडायची आहे ना?"

"हौ, पाडायची आहे." तो सरळ तिच्याकडे बघत होता. "मागच्या वर्षी अम्मीच्या खांद्यावर स्लॅब पडला. पण अम्मीला रस्त्यावर काढून नक्को."

"अर्ज तू भरलास?"

"आठ तारखेला. त्यांच्या ऑफिसात बसून, त्यांच्याच कॉम्प्युटरवर. केतकीने करून ठेवलेलं भाषांतर होतं, ते चढवलं. वाचलं नाही." त्याने मोबाइल काढला. "लॉगिन अजून चालू आहे. हे बघा."

अर्जात एक रकाना होता: संमती देणाऱ्या कुटुंबांची संख्या. त्यात एकसष्ट.

"हा तू भरलास?"

"हौ. एकदा भरला की लॉक होतो, मग कुणालाच बदलता येत नाही. जोडपत्रं फक्त शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतात."

"बदलली का कोणी?"

निखिलने पडदा वर सरकवला आणि थबकला. संमतीचं जोडपत्र दहा जानेवारीला, शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता बदललेलं होतं.

"पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता?"

"मला, केतकीला आणि सरांना," निखिल म्हणाला. "मावशी, अल्लाकसम, हे मी नाही केलं."

"तू नाहीस ते मला कळलंय," सुलभा म्हणाली. "तुला चौसष्ट माहीत असते तर आठ तारखेला तू एकसष्ट भरले नसतेस. आता केतकी कोण ते सांग."

३

केतकी आधी भेटलीच नाही. संस्थेच्या फाटकावर पहारेकऱ्याने सांगितलं, ती मॅडम आता इथे नाही, महिना झाला. सुलभाने हर्षवर्धनांचं नाव सांगितलं तेव्हा त्याने रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, कुणाला भेटायचं, काम. जाडजूड रजिस्टर होतं, वर्षभराचं. सही करून झाल्यावर सुलभाने सहज चाळल्यासारखी मागची पानं उलटली. पहारेकरी फोनवर बोलत होता. एका पानावर ती थांबली, मोबाइलने फोटो काढला आणि रजिस्टर मिटून दिलं.

डॉ. हर्षवर्धन पन्नाशीचे, खादीचा कुडता, भिंतीवर झोपडपट्ट्यांचे मोठमोठे फोटो. त्यांनी चहा मागवला.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "मला रात्रभर झोप नाही. चार वर्षं मी ह्या इमारती वाचवण्यासाठी लिहितोय. आणि एका शब्दाच्या भाषांतराने हे असं व्हावं."

"कोणी केलं भाषांतर?"

"आमच्याकडे एक मुलगी होती. हुशार आहे, पण पुण्याची असूनही मराठी कच्चं. इंग्रजी शाळेतली. 'मोकळ्या करून देऊ' म्हणजे घर खाली करणं, असं तिला वाटलं असणार. मी तिला दोष देत नाही. तिचं कंत्राट संपलं तेव्हा आम्ही ते वाढवलं नाही, एवढंच."

"तुम्ही तपासलं नाहीत?"

"माझं सगळं शिक्षण दिल्लीत झालं, मॅडम. मराठी घरात बोलतात तेवढी. वाचता येत नाही." ते खेदाने हसले. "हा माझा दोषच म्हणा."

"शेवटच्या दिवशी जोडपत्र बदललंय."

"केतकीकडे पासवर्ड होता. काही दुरुस्ती केली असेल तिने."

"आणि त्या तीन सह्या? सहा तारखेच्या?"

हर्षवर्धनांनी कप बशीत ठेवला. "कसल्या तीन सह्या?"

"तुम्ही फोन करून मागितलेल्या. कुसुमताईंनी आणून दिलेल्या."

"मागितल्या होत्या खऱ्या. पण आल्या नाहीत. असा कागद माझ्याकडे आला असता तर मी जोडला नसता का?"

सुलभा उठली. चहा तसाच राहिला. जिना उतरताना तिचे कान तापले होते. ह्या माणसाने तिच्या बहिणीला, साठ वर्षं ओलांडलेल्या बाईला, एका वाक्यात खोटं पाडलं होतं. तेही इतक्या सहज, की दुसरं कुणी असतं तर त्याला वाटलं असतं, म्हातारीच विसरली असेल.

४

केतकी विद्यानगरजवळच्या एका मुलींच्या होस्टेलमध्ये राहत होती. सव्वीस वर्षांची, डोळे सुजलेले. खोलीत अर्ध्या भरलेल्या दोन बॅगा.

"मावशी, माझीच मिस्टेक असेल," ती म्हणाली. "आय मीन, मला वाटतं मी बरोबर लिहिलं होतं. पण आता सगळे तेच बोलतात, तर मला स्वतःवरच डाउट येतो. लॅपटॉप ऑफिसचा होता, तो त्यांनी घेतला. चेक करायला काहीच नाहीये."

"'मोकळ्या करून देऊ', ह्याचा अर्थ तू काय लावलास?"

केतकीने डोळे मिटले. "मला ते कळलं नव्हतं. म्हणून मी कुसुमआजींना विचारलं. त्यांनी ना, बोलून नाही सांगितलं. उठल्या, खाट धरली आणि भिंतीपासून ओढून दाखवली. म्हणाल्या, अशी जागा करून द्यायची, मशीन लावायला. मग मी तसंच लिहिलं. फर्निचर हलवून भिंतींपाशी जागा करून देऊ, चार दिवस." तिने डोळे उघडले. "मी तसंच लिहिलं होतं. मला खाट आठवतेय."

"कधी लिहिलंस?"

"तीन तारखेला. चारला मी पुण्याला गेले, भावाचं लग्न होतं. तेरा तारखेला परत आले."

"किती कुटुंबं लिहिलीस?"

"सिक्स्टी वन. एकसष्ट." आकडा मराठीत म्हणताना ती अडखळली. "लिस्टमध्ये तेवढीच होती ना?"

"नंतर तीन वाढली, हे तुला कोणी कळवलं?"

"वाढली?" केतकीच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता.

सुलभाने तिच्या बॅगांकडे बघितलं. मराठी कच्चं असल्याची लाज ह्या पोरीला लहानपणापासून असणार, आणि कुणीतरी नेमकी तीच हेरून तिच्या गळ्यात हा गुन्हा बांधला होता.

"त्या योजनेचे नियम आहेत तुझ्याकडे?"

"पीडीएफ आहे. चाळीस पानं. कोणी वाचत नाही ती, मावशी."

"मी वाचते," सुलभा म्हणाली. "आणि बॅगा सोड. तू कुठे जाणार नाहीस."

५

नियमांच्या एकतिसाव्या पानावर ते सापडलं. अर्जाला कसे गुण द्यायचे त्याचा तक्ता होता. तेरावी ओळ: ज्या जागेवरची दोन-तृतीयांश कुटुंबं घरं रिकामी करायला लेखी संमती देतील, त्या जागेला जादा पंधरा गुण. तपासणीला अडथळा नको म्हणून. कुटुंबांची संख्या संमतीपत्राच्या इंग्रजी प्रतीवरून धरायची.

सुलभा तारनाक्याच्या आपल्या घरी सकाळच्या उन्हात बसली होती. शहाण्णवचे दोन-तृतीयांश करायला तिला कागद लागला नाही.

चौसष्ट.

 चार दिवस ती बिल्डर शोधत होती. कुणाचा तरी हात, पाकीट, फ्लॅटचं आमिष, मागचं वैर. सगळी कॉलनीही तेच शोधत होती, म्हणून एका म्हाताऱ्याच्या पाटीला डांबर लागलं. आणि इथे बिल्डर नव्हताच. पंधरा गुण होते. शाळेतल्या पोराने उत्तरपत्रिकेत खाडाखोड करावी तशी खाडाखोड, आणि तिच्यावर शहाण्णव घरं.

तिने बहिणीला फोन लावला. "ताई, त्या तीन सह्यांच्या कागदावर तू वर एक ओळ लिहिली म्हणालीस. काय लिहिलंस?"

"सांगायला कशाला हवं? फोटोच आहे ना. नातीने शिकवलंय मला, कागद हातातून सोडायच्या आधी फोटो काढायचा."

फोटो आला. कुसुमताईंच्या गोल अक्षरात एकच ओळ, खाली तीन सह्या आणि तारीख.

सुलभाने ती ओळ वाचली आणि पाय चपलांत घातले.

६

संस्थेच्या बैठकीच्या खोलीत त्या दुपारी सहा माणसं बसली होती. भगवंतराव आणि कुसुमताई, निखिल, केतकी, टेबलाच्या टोकाला हर्षवर्धन आणि त्यांच्यासमोर सुलभा.

"तीन आकडे आहेत," सुलभा म्हणाली. "सह्यांच्या यादीत एकसष्ट. अर्जाच्या रकान्यात एकसष्ट. फक्त भाषांतराच्या पानावर चौसष्ट. म्हणजे हे पान लिहिणाऱ्याला तीन सह्यांचं माहीत होतं. निखिलला नव्हतं, नाहीतर आठ तारखेला त्याने रकान्यात चौसष्ट भरले असते. केतकी चारलाच पुण्याला गेली होती, तिला कुणी कळवलं नाही. भावजींना आणि ताईला माहीत होतं, पण त्यांच्याकडे पासवर्ड नाही आणि त्यांना इंग्रजी येत नाही. राहिलं कोण?"

"मी सांगितलं तुम्हाला, तो कागद माझ्याकडे आलाच नाही," हर्षवर्धन म्हणाले.

सुलभाने मोबाइल टेबलावर सरकवला. फाटकावरच्या रजिस्टरचं पान. सहा जानेवारी, अकरा वाजून वीस मिनिटं. नाव: कुसुम भगवंतराव. भेट: हर्षवर्धन साहेब. काम: सह्या देणे. पुढे भेट झाल्याची सही, इंग्रजीत, हर्षवर्धनांची.

"आमच्याकडे रोज वीस लोक येतात," ते म्हणाले. "समजा, दिलाही असेल. मी विसरलो असेन."

"विसरला नाहीत. आकडा घेतलात आणि कागद ठेवून दिलात. का ठेवून दिलात ते मला कळेना. तुम्हाला तर सह्या हव्या होत्या, फोन करून मागवल्या होत्या. मग हा फोटो बघितला." तिने दुसरा फोटो उघडला आणि वाचला. "'आम्ही घर सोडणार नाही. फक्त तपासणीला हरकत नाही.' हा कागद जोडला असता तर दिल्लीच्या मंत्रालयातल्या कुणा मराठी माणसाने वाचला असता आणि तुमचं भाषांतर तिथेच उघडं पडलं असतं. एकसष्ट सह्यांच्या पत्रातला 'मोकळ्या' हा शब्द निदान दोन्ही अर्थांनी ओढता येतो. ही ओळ ओढता येत नाही. म्हणून नेमकी हीच गाळली. मराठी वाचता न येणाऱ्या माणसाला हे कसं कळलं, सर?"

 केतकी रडत होती, पण मान ताठ होती.

हर्षवर्धनांनी चष्मा काढला. "तुम्हाला ह्या स्पर्धा माहीत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "दोनशे अर्ज येतात, नऊ निवडतात. पंधरा गुणांशिवाय आपण पंचविसावे आलो असतो. मग तपासणी नाही, दुरुस्ती नाही, पुढच्या पाच वर्षांत छतं तुमच्या डोक्यावर. मी हे तुमच्यासाठीच केलं. ते फक्त कागदावर होतं. तो कागद महामंडळाकडे जाईल आणि ते लगेच नोटिसा काढतील, हे मला कसं कळणार?"

"कागदावर," भगवंतराव म्हणाले. नोटिशीनंतर पहिल्यांदाच त्यांचा जुना आवाज निघाला. "आम्ही बी कागदावरच राहतो, साहेब. राशनचा कागद, लाइटबिलाचा कागद. तोच तुम्ही फिरवला. आन् पोरीच्या अंगावर ढकलला. आमच्यासाठी केलं तर आमाला इचारलं का नाही?"

"तुम्ही हो म्हणाला नसतात."

"नसतोच म्हणालो," भगवंतराव म्हणाले. "म्हणून तर इचारायचं असतं."

सुलभाने कोरा कागद पुढे ठेवला. "मंत्रालयाला आणि महामंडळाला पत्र. भाषांतर तुम्ही बदललंत, संमती खोटी आहे, केतकीचा संबंध नाही. आत्ता."

"अर्ज बाद होईल," हर्षवर्धन म्हणाले. "मंजूर झालेला निधी जाईल. दुरुस्ती जाईल. विचार करा."

सुलभाने भगवंतरावांकडे बघितलं. भगवंतरावांनी कुसुमताईंकडे.

"लिवा," कुसुमताई म्हणाल्या.

७

महामंडळाने नोटिसा मागे घेतल्या नाहीत, स्थगित केल्या. निधी गेला. संस्थेने चौकशी समिती नेमली आणि समितीने तीन महिने घेऊन लिहिलं की भाषांतराच्या प्रक्रियेत उणिवा आढळल्या. केतकीचं नाव त्यात नव्हतं. हर्षवर्धनांचंही नव्हतं. ते दुसऱ्या एका प्रकल्पावर दिल्लीला गेले.

सुलभाने तो अहवाल वाचला आणि समितीच्या अध्यक्षांना नऊ पानांचं पत्र पाठवलं. पोच आली. उत्तर आलं नाही. तिने दुसरं पाठवलं.

डांबरानंतर भगवंतरावांनी अध्यक्षपद सोडलं होतं. कॉलनीतले लोक त्यांना पुन्हा अध्यक्ष व्हा म्हणून सांगायला आले. डांबर कुणी लावलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि भगवंतरावांनी विचारलं नाही. ते नाही म्हणाले. चहा दिला, पण नाही म्हणाले. लोक गेल्यावर कुसुमताईंनी कप जरा जास्तच आवाज करत घासले.

नव्या वर्षी योजनेची जाहिरात पुन्हा निघाली. केतकी आता एका वास्तुविशारदाकडे काम करत होती. एका रविवारी ती छापलेला अर्ज घेऊन कॉलनीत आली. निखिलही आला, सुलभा आधीच येऊन बसली होती.

"ह्या खेपेला अर्जदार आमी," भगवंतराव म्हणाले. "संघाचं नाव पहिल्या रकान्यात. संस्था कोणती बी असू दे, ती भागीदार. कागद आमच्याकडे राहील."

केतकीने पानं उलटली. "आजोबा, तसं चालत नाही. रूल सेव्हन. अर्जदार फक्त संशोधन संस्था. राहणारे लोक, म्हणजे तुम्ही, फक्त संमती द्यायची."

 वरच्या मजल्यावर कुणीतरी पाटा सरकवला आणि छतातून थोडा गिलावा भुरभुरत अर्जावर पडला. निखिलने तो फुंकरीने उडवला.

"फक्त संमती द्यायची," सुलभा म्हणाली. तिने अर्ज उचलला, बाजूला ठेवला आणि केतकीपुढे कोरा कागद ओढला. "मग आधी ह्या सातव्या नियमाबद्दल मंत्रालयाला लिहायचं. मराठीत लिही. चुकलीस तर मी सांगते."

केतकीने पेनाचं टोपण काढलं आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत, पहिली ओळ लिहायला घेतली.